कोकणात राहून मनोविश्लेषण शिकायचं, तर कोणतं आणि कुठून?

कुडाळला संध्याकाळी तुतारी एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनात नकळत दडलेलं बोलण्यातून उलगडण्याच्या शास्त्राचे, वर्ग आणि चर्चा करायची आणि रात्री कोकणकन्येने परत यायचं. पंधरा दिवसांतून एकदा, असं मी दोन वर्षं केलं. त्याआधी तीन वर्षं घरात बसून नुसतं वाचत होते. नंतरची आठ वर्षं आठवड्यातून एकदा स्वतः एका थेरपिस्टसमोर बसून बोलले. आता समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांची बहुतेक दुखणी नात्यांतली असतात.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेत समुपदेशक असलेली मुलगी भेटायला आली. मानसशास्त्रात एम.ए. झालेली, कामाची तळमळ असलेली. म्हणाली, "ताई, माझ्यासमोर मूल बसतं, पण त्याच्या मागे अख्खं घर येऊन बसतं. वर्गातले तंत्र-मंत्र पुरत नाहीत. मला मनोविश्लेषण शिकायचंय, आजचं, नात्यांमध्ये वापरता येईल असं. फ्रॉइडपासून सुरू करू की थेट नवीन वाचू? आणि मुंबईला जाऊ की ऑनलाइन करू?"

तिला त्या दिवशी सगळं नीट सांगता आलं नाही. आंब्याचे दिवस, घरात माणसं. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. तिच्यासारखे आणखी काही जण असतील.

तिच्या बोलण्यात दोन वेगळे निर्णय होते. एक, कोणती विचारधारा. दुसरा, कोणती वाट. बरेच जण दुसरा निर्णय आधी घेतात, कारण त्याची जाहिरात फोनवर येते. मी पहिल्यापासून सुरू करते.

ज्या घरासाठी शिकायचं ते घर

कोकणातलं घर पिढ्यान्‌पिढ्या अर्धं गावात आणि अर्धं बाहेर राहिलं आहे. आधी गिरणीतला चाकरमानी, मग आखातात गेलेला, आता बोटीवर गेलेला किंवा पुण्यात आयटीत असलेला. माणूस वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येतो. बाकीचे दिवस तो फोनवर आणि बोलण्यात असतो. पुस्तकातली जोडपी मात्र एकाच फ्लॅटमध्ये राहतात आणि रोज संध्याकाळी भांडतात. आपल्याकडचं नातं गैरहजेरीत वाढतं, म्हणून ज्या विचाराकडे गैरहजेरीबद्दल सांगण्यासारखं काही आहे तो इथे जास्त उपयोगी, असं माझं मत आहे.

तुलनेसाठी एक घर धरू. हे कुणा एकाचं नाही. अनेक घरांतलं थोडं थोडं घेऊन मी रचलं आहे. नवरा बोटीवर, सात-आठ महिन्यांचा करार. घरी बायको, सासू आणि चार वर्षांचा मुलगा. नवरा घरी येतो. पहिले दोन दिवस सुरमई, पाहुणे, हसणं. तिसऱ्या दिवशी मुलाच्या झोपण्यावरून कुरबुर होते. पाचव्या दिवशी अबोला. बायको माझ्यासमोर म्हणते, "तो गेलो काय बरा वाटता, आणि मगे रडाक येता." नवरा म्हणतो, "घराक इलंय, पण घरात असल्यासारख्या वाटणा नाय."

फ्रॉइड, आणि त्याच्यापुढे क्लाइन

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड जुना झाला असं सरसकट म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. १९२० साली त्याने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ लिहून ठेवला. आई बाहेर गेली की ते पोर दोरा बांधलेलं लाकडी रीळ पडदा लावलेल्या पाळण्यात भिरकावायचं आणि "ओ-ओ-ओ" करायचं. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला "गेलं". मग दोरी ओढून रीळ परत आणायचं आणि आनंदाने म्हणायचं "दा", म्हणजे "हे बघ, आलं". आई जाते ती आपल्या हातात नाही. रीळ घालवणं आणि आणणं मात्र हातात आहे. हे वाचताना मला माझ्याकडचा चार वर्षांचा एक मुलगा आठवला. तो चटईची बोट करून बाबांना रोज दुबईला पाठवायचा आणि रोज परत आणायचा. आजी त्याला ओरडायची, अपशकुन म्हणून. त्या खेळाकडे पाहायची नजर मला फ्रॉइडने दिली.

फ्रॉइडची दुसरी न टाळण्यासारखी गोष्ट म्हणजे १९१७ चा शोक आणि विषण्णता यांवरचा निबंध. ज्याच्यावर राग आहे त्याला बोलता येत नाही, तेव्हा तो राग वळून स्वतःवर येतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. मराठीत याला एक तयार शब्द आहे, कुढणं. तो शब्द घेऊन निबंध वाचला तर अर्धी वाट सोपी होते.

फ्रॉइडनंतरची, लहान मुलांवर काम करणारी विश्लेषक मेलनी क्लाइन हिने दाखवलं की मन फार लहानपणी चांगलं आणि वाईट यांच्या दोन वेगळ्या वाट्या करतं. एकात दुसरं मिसळू देत नाही. पुढे हळूहळू कळतं की जिच्यावर आपण चिडतो ती आणि जी आपल्याला पाजते ती एकच बाई आहे. तुलनेसाठी धरलेल्या घरात हे जसंच्या तसं दिसतं. दूर असलेला नवरा देव असतो आणि दारात आलेला नवरा त्रास. तो देव आणि तो त्रास एकाच माणसात सहन करता येणं, हे त्या बायकोचं खरं काम आहे. क्लाइनचा १९४६ चा निबंध यासाठी मोलाचा. त्यात तिने आपल्यातलं नकोसं मनातल्या मनात दुसऱ्यात ढकलण्याची प्रक्रिया मांडली, आणि त्यालाच तसं वागायला लावण्याची बाजू पुढच्या विश्लेषकांनी त्यात जोडली. भावकीच्या भांडणात ही प्रक्रिया रोज दिसते. एका भावाला आपला लोभ सोसवत नाही, म्हणून दुसरा लोभी ठरतो, आणि सारखं लोभी म्हटलं की एक दिवस तोही कलमांच्या झाडांची मोजणी मागतो.

तोटा असा की क्लाइन एकटीने वाचू नये. भाषा कठीण आहे आणि सगळीकडे लहान बाळाचा संताप दिसायला लागतो. माझ्या वाचनाच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या जावेला घरातच सांगितलं होतं की ती तिचा मत्सर माझ्यावर टाकते आहे. शब्द बरोबर असतील, पण ते मी तिला मारण्यासाठी वापरले. पुढे वर्षभर आमचं बोलणं जेवणापुरतंच होतं. या शास्त्राची परिभाषा हातात लवकर येते, पण ती सांभाळायची ताकद यायला वेळ लागतो. खाली वाटांची तुलना करताना हा मुद्दा पुन्हा येईल.

विनिकॉट

मला एकच निवडायला सांगितलं तर मी डोनाल्ड विनिकॉट निवडेन. तो मुळात बालरोगतज्ज्ञ होता. लंडनच्या एका रुग्णालयात त्याने चाळीस वर्षं आया आणि मुलं पाहिली, म्हणून त्याच्या लिखाणाला दवाखान्याच्या बाकड्याचा वास आहे. बाळ म्हणून वेगळं काही नसतंच, बाळ आणि त्याला सांभाळणारं कुणीतरी असतं, असं तो म्हणाला.

१९५८ चा त्याचा एकटं राहण्याच्या क्षमतेवरचा छोटा निबंध आहे. कुणीतरी जवळ असताना मूल आपल्याच नादात एकटं खेळू शकलं, तर पुढे ते खरोखर एकटं असतानाही मोडत नाही. आता तुलनेसाठी धरलेल्या घरातली बायको घ्या. नवरा नसताना तिने घर चालवलं, बँक केली, सासूचं औषधपाणी केलं. तो आल्यावर तिला त्याच्यासमोर आपल्या नादात राहताच येत नाही. एकतर तिला यजमानीण व्हावं लागतं, नाहीतर तक्रारदार. दोघांनी एका खोलीत आपापलं काही करत बसणं ही त्यांच्यासाठी शिकायची गोष्ट आहे. मी अशा जोडप्यांशी हेच बोलते आणि त्यांना ते चटकन कळतं. क्लाइनचं काही सांगितलं तर कळत नाही.

विनिकॉटचे दोष आहेत. तो आईवर फार भार टाकतो आणि बाप बऱ्याचदा दारात उभा असतो. सासू, आजी, काकी तर त्याच्या चित्रात फारशा नाहीतच. पण त्याचं वाचन दुसऱ्या कुणापेक्षा कमी दुखवतं आणि जास्त वापरता येतं.

नात्याधारित विचार

आज "समकालीन" म्हटलं की जाणकारांच्या मनात बहुतेकदा हा विचार असतो. १९८३ साली जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिचेल या दोघा अमेरिकन विश्लेषकांनी मनाला हलवणाऱ्या प्रेरणा आणि मनात घडलेली नाती अशी दोन चित्रं समोरासमोर ठेवली. पुढे मिचेलने नात्यांच्या बाजूने एक अख्खी विचारशाळाच उभी केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समोर बसलेल्याचं मन आणि ऐकणाऱ्याचं मन मिळून काहीतरी घडतं, आणि थेरपिस्ट त्या घडण्याचा भाग असतो. तो काठावर उभा राहून पाहत नाही. जेसिका बेंजामिनने यात ओळख मिळण्याचा मुद्दा आणला. दोन माणसांपैकी एकाने कर्ता आणि दुसऱ्याने कर्म व्हायचं, या खेळातून बाहेर पडायला दोघांचीही मनं मावतील अशी तिसरी जागा लागते.

तालुक्याच्या गावात काम करणाऱ्याला हा विचार का जवळचा वाटतो ते सांगते. फ्रॉइडने १९१२ साली सल्ला दिला होता की विश्लेषकाने आरशासारखं राहावं, आपलं काही दाखवू नये. कुडाळच्या बाजारात मी आरसा कशी राहू? समोर बसलेल्या बाईच्या सासूने मला शाळेत शिकवलेलं असतं. माझा नवरा कुठे कामाला आहे ते तिला माहीत असतं. मी कुणाच्या तेराव्याला गेले होते तेही माहीत असतं. एकीने पहिल्याच महिन्यात सोलांची पिशवी आणली. जुन्या शिस्तीप्रमाणे ती न घेता त्यामागचं बोलायचं. मी घेतली आणि पुढच्या वेळी त्याबद्दल बोललो. निघालं ते असं, की ती कुणाकडे रिकाम्या हाताने गेली की आपलं ऐकलं जाणार नाही असं तिला लहानपणापासून वाटतं. पिशवी परत केली असती तर कदाचित हे निघालं असतं, कदाचित ती पुन्हा आली नसती. नात्याधारित विचार अशा पेचात आधार देतो, कारण तो गृहीतच धरतो की तुम्ही दिसणार आहात.

पण याच कारणाने नवख्याला तो धोक्याचा आहे. स्वतःबद्दल बोलायची सोय झाली की माणूस बोलतच सुटतो, आणि तो तास कुणाचा होता हे विसरतो. या विचारातले मोठे लोक आधीचं सगळं शिस्तीने शिकून मग मोकळे झाले होते.

आसक्ती, जोडपी आणि लाकां

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या आसक्तीच्या (अटॅचमेंट, म्हणजे मुलाचं सांभाळणाऱ्याशी जुळलेलं घट्ट नातं) सिद्धांताचे तीन खंड १९६९ ते १९८० दरम्यान आले. सुरक्षित आणि असुरक्षित आसक्ती हे शब्द आता रीलमध्येसुद्धा ऐकू येतात. संशोधनाचा पाया भक्कम आहे, शिक्षकांना आणि आशाताईंना समजावायला सोपा आहे. पीटर फोनागी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलेला मेंटलायझेशनचा विचारही कामाला येतो. समोरच्याच्या वागण्यामागे त्याचंही एक मन आहे हे रागाच्या भरात आठवणं, एवढं त्याचं सार. आपल्याकडे वापरताना एक अडचण लक्षात ठेवायची: ज्या घरात मूल तिघींच्या मांडीवर वाढतं, तिथे आई आणि मूल एवढीच जोडी मोजून भागत नाही.

जोडप्यांसाठी म्हणून वेगळं शिकायचं असेल तर लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मनोचिकित्सा संस्थेच्या परंपरेतलं हेन्री डिक्सचं १९६७ चं काम पाहा. माणूस स्वतःत जे दडपतो तेच जोडीदारात शोधतो, त्यावर भाळतो आणि नंतर त्यावरच हल्ला करतो. "तिचा मोकळेपणा आवडला म्हणून केली" आणि दहा वर्षांनी "ती कुणाशीही बोलते" ही दोन वाक्यं एकाच नवऱ्याच्या तोंडून मी कितीदा ऐकली आहेत.

फ्रेंच विश्लेषक लाकां साहित्य-सिनेमा शिकणाऱ्यांनी जरूर वाचावा. नात्यांत काम करायचं असेल तर पहिली तीन वर्षं नको.

आपल्याकडचे लोक

हे सगळं परक्यांचं शास्त्र आहे असं वाटू शकतं, म्हणून दोन नावं. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि काही बाबतींत त्यांनी त्याला स्पष्टपणे आपलं वेगळं मत कळवलं. दुसरे सुधीर कक्कर. आधी इंजिनिअर, मग मनोविश्लेषक एरिक एरिक्सनचे सहकारी, मग जर्मनीत फ्रँकफर्टला विश्लेषणाचं प्रशिक्षण. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी आपल्याच किनाऱ्यावर, दक्षिण गोव्यात काढली. २०२४ साली ते गेले. भारतीय मुलाचं आईशी नातं किती लांबवर ताणलं जातं आणि सून घरात आल्यावर त्या ताणाचं काय होतं, हे त्यांनी १९७८ पासून लिहिलं. विनिकॉटच्या चित्रात न दिसणारी सासू इथे दिसते. त्यांच्यासोबत अमेरिकन विश्लेषक ॲलन रोलंड यांचा "कौटुंबिक मी" हा विचार वाचा. इथल्या माणसाचा "मी" घरासकट असतो, आणि त्याला आजार समजू नये, असं ते सांगतात.

वाट कोणती

आता शिकण्याच्या वाटा. पैसा, वेळ, प्रवास आणि हाती काय येतं, या चार गोष्टींनी मी त्या मोजते.

घरी वाचणं, किंवा तिघा-चौघांचा गट. खर्च पुस्तकांचा. पावसात वीज गेली तरी मेणबत्तीवर चालतं. विचार समजतो, पण आपण ऐकतो कसं हे कुणी दाखवून देत नाही. माझी तीन वर्षं अशी गेली आणि जावेचा प्रसंग त्यातलाच.

विद्यापीठाची पदवी. इग्नूचं दूरशिक्षणातलं दोन वर्षांचं एम.ए. २०२५ पर्यंत कोकणातून करता येत होतं, पण त्या वर्षी यूजीसीने मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश बंद केले. टाटा समाजविज्ञान संस्थेचं उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. करायला मुंबईत राहावं लागतं. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात मनोसामाजिक चिकित्सा अभ्यासाची एम.ए. आहे आणि तिथे मनोविश्लेषणाला मोठी जागा आहे. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांत फ्रॉइडचा एक घटक असतो आणि परीक्षेला इड-ईगो-सुपरईगोवर टीप येते. नोकरीसाठी पदवी लागतेच, तेव्हा ती घ्या, पण मनोविश्लेषण शिकलो असं समजू नका. एक कायदेशीर बाबही आहे. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. साधी एम.ए. त्यासाठी पुरत नाही. या क्षेत्रातले नियम सध्या बदलत आहेत, म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यता तपासा.

विश्लेषक होण्याचं पूर्ण प्रशिक्षण. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये याचा साचा तयार झाला आणि अजून तोच चालतो: स्वतःचं विश्लेषण, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या केसेस, आणि सैद्धांतिक वर्ग. आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेच्या या साच्यात स्वतःचं विश्लेषण आठवड्यातून तीन ते पाच वेळा अपेक्षित असतं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. बोस यांच्या भारतीय संस्थेचं काम कोलकात्याबरोबर मुंबईतही आहे. साधं गणित करा. आठवड्याला चार सेशन, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे, म्हणजे १८० सेशन. समजा एका सेशनला हजार रुपये धरले, तर वर्षाला १,८०,००० झाले, आणि त्यात सुपरव्हिजनची, म्हणजे त्या देखरेखीची, फी आणि मुंबईचं राहणं नाही. यापेक्षा खोल शिक्षण या विषयात नाही. पण वेंगुर्ल्यातली नोकरी धरून ते होत नाही, निदान पहिली काही वर्षं. किती भाग ऑनलाइन चालतो हे संस्थेलाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ऑनलाइन लघुअभ्यासक्रम. इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडं थांबते. मी एक दहा आठवड्यांचा केला होता. दर शनिवारी दोन तास स्लाइड वाचून दाखवायचे. दोनशेच्या वर लोक, कॅमेरे बंद. शेवटी प्रमाणपत्र आलं, त्यावर मला "सायकोॲनालिटिक थेरपिस्ट" म्हटलं होतं. माझ्यासोबतच्या एकीने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि त्या महिन्यापासून जोडपी घ्यायला सुरुवात केली. एका जोडप्यात मारहाण होत होती, ती तिला वर्षभर दिसली नाही, कारण ती दोघांच्या नेणिवेतला खेळ शोधत होती. चांगले अभ्यासक्रमही असतात. ते ओळखायला काही प्रश्न विचारा. वर्गात किती जण? शिकवणारे स्वतः कुठे शिकले आणि सध्या रुग्ण पाहतात का? केसवर चर्चा होते का, की फक्त व्याख्यानं? स्वतः थेरपी घ्यायची अट आहे का? शेवटचं उत्तर "गरज नाही" असं आलं तर मी पैसे भरणार नाही.

आणि पाचवी वाट, तिची जाहिरात कुणी करत नाही. स्वतःची थेरपी, आठवड्यातून एकदा, मनोविश्लेषणाच्या पद्धतीने काम करणाऱ्या माणसाकडे. सोबत महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन आणि वाचनाचा गट. वर्षाला पन्नासच्या आत सेशन. सुपरव्हिजन सोडलं तर सेशनचा खर्च पूर्ण प्रशिक्षणाच्या साधारण चौथ्या हिश्श्यात बसतो. विश्लेषक हे पद मिळत नाही, पण शाळेतल्या समुपदेशकाला जे लागतं ते यातून मिळतं. समोरचा बोलत असताना माझ्या पोटात गोळा का आला, हा माझा गोळा की त्याचा, हे ओळखायला मी पुस्तकात शिकले नाही. समोरच्या खुर्चीत बसून शिकले. तिसऱ्या वर्षी एकदा मी माझ्या थेरपिस्टवर भयंकर चिडले, कारण तिने सुट्टी घेतली होती. चार सेशन मी तिला थंडपणे उत्तरं दिली. मग लक्षात आलं की माझे वडील मुंबईहून यायचे आणि जायचे तेव्हा मी नेमकं हेच करायची. संक्रमण (ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यातली भावना थेरपिस्टवर येणं) या शब्दाची व्याख्या मला त्याआधी तोंडपाठ होती.

भाषेचं

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम. शिकणं बहुतेक इंग्रजीत होतं आणि माणूस मालवणीत रडतो. इंग्रजीत शिकलेला समुपदेशक समोरच्याला "तुम्हाला काय फील होतं?" विचारतो आणि समोरची "बरा आसा" म्हणते. मी वहीत दोन रकाने केले होते. एकीकडे परिभाषा, दुसरीकडे आपले शब्द: रुसवा, अबोला, धुसफूस, टोमणा, मन मारणं, जीव तळमळणं. अबोल्यावर तर एक अख्खा निबंध होईल, कारण त्यात राग, शिक्षा आणि "मला मनव" ही विनंती, तिन्ही एकत्र असतात. जत्रेतलं गाऱ्हाणंही असंच आहे. तिथे माझं दुखणं दुसराच कुणी देवासमोर मोठ्याने बोलतो आणि बाकीचे "होय महाराजा" म्हणतात. थेरपीत ते मला स्वतःला बोलावं लागतं, आणि समोरची व्यक्ती होय म्हणत नाही, ऐकते. इथल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला अपमान वाटते. पहिल्या भेटीत हे समजावून सांगावं लागतं. कोणत्याही वाटेने शिका, सुपरव्हिजन मात्र मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडे घ्या.

कुणी काय घ्यावं

शाळेत किंवा दवाखान्यात लोकांसमोर बसणारे असाल तर पाचवी वाट आणि विनिकॉट. वर्षभराने क्लाइन, गटात. तिसऱ्या वर्षी मिचेल आणि बेंजामिन. कक्कर पहिल्या दिवसापासून.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, शिक्षक एकत्र येणार असतील तर मायकेल बालिंटचा प्रयोग करून पाहा. त्याने १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या डॉक्टरांचे गट चालवले. एक जण एका रुग्णाबद्दल सांगतो आणि बाकीचे त्या डॉक्टर-रुग्ण नात्याचा विचार करतात. आठ-दहा माणसं आणि एक जाणता सूत्रधार एवढंच लागतं. सिंधुदुर्गात हे सहज होऊ शकतं आणि व्हावं असं मला मनापासून वाटतं.

स्वतःचा संसार दुखतो आहे म्हणून हे शिकायची इच्छा असेल, तर अभ्यासक्रम घेऊ नका. आधी स्वतःसाठी कुणाकडे तरी जाऊन बसा. शिकणं नंतर होईल. घरात मारहाण असेल तर मनोविश्लेषण हे पहिलं उत्तर नाही आणि दोघांना एकत्र बसवणंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तिथे आधी जायचं. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि पूर्ण प्रशिक्षण ज्यांना खुणावतं, मुंबईत राहायची तयारी आहे, वय आणि पैसा साथ देतो, त्यांनी खुशाल जावं. शिकून परत यावं एवढंच मागणं. इथे अशी माणसं फार थोडी आहेत.

वेंगुर्ल्याच्या त्या मुलीने पाचवी वाट धरली. तिची अडचण वेगळीच निघाली: बोलायला जागा. घरात माजघर आणि पडवी, मधे दार नाही, सासूबाई जागरूक, आणि रेंज फक्त मागच्या फणसाखाली. तिथे बसून ऑनलाइन सेशन केलं तर शेजारचं घर ऐकतं. दोन महिने तिने टाळाटाळ केली. थेरपिस्टने विचारलं, तुमच्या घरात तुमचं म्हणून एखादं दार आहे का? पुढे ती त्यावरच तीन सेशन बोलली. आता शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला दर गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेची किल्ली द्यायचं कबूल केलं आहे.